रिकाम्या गाडीचं वजन

१

तोळेकाकांच्या काट्यावर एकच नियम होता: आधी माणूस खाली, मग वजन. ट्रक काट्याच्या पोलादी फळीवर येऊन उभा राहिला, की काका केबिनच्या खिडकीतून हात बाहेर काढत आणि दोन बोटं खाली हलवत. उतरा. ड्रायव्हर कुरकुरत उतरायचा, शेजारी बसलेला जांभया देत उतरायचा, मग समोरच्या डब्यातले लाल आकडे थोडे नाचून स्थिर व्हायचे आणि काका ते लिहून घ्यायचे. बावीस वर्षं हेच चाललं होतं. मालाच्या वजनात माणूस धरला तर तो खडीच्या भावानं विकला जाईल, असा काकांचा एक जुना विनोद होता. तो ऐकून आता कोणी हसत नसे, पण उतरत सगळेच.

'काकांना तोळ्याचा फरक चालत नाही,' असं ड्रायव्हर लोक म्हणत आणि त्यावरूनच हे नाव पडलं. खरं तर तो काटा पाच-पाच किलोंनी सरकायचा. तोळा त्याच्या गावीही नव्हता.

हल्ली काका दमले होते. कामानं नव्हे, काम बसूनच होतं. दोन वर्षांपासून काकूंना आठवड्यातून दोनदा शहरातल्या हॉस्पिटलात यंत्रावर न्यावं लागे. रक्त बाहेर काढायचं, धुवायचं, परत आत सोडायचं, चार तास. घर खाणीच्या वर, चढावर. तिथून काट्यापर्यंतचे तीन किलोमीटर म्हणजे नुसते दगड. साधी गाडी तिथं पोट घासून रडायची. भाड्याचा जीपवाला आला तर आला. नाही आला तर खडीच्या ट्रकमध्ये बसायचं. ट्रकची पायरी उंच, म्हणून काकांनी एक प्लॅस्टिकचं स्टूल ठेवलं होतं. काकू स्टुलावर चढायच्या, वरून ड्रायव्हर हात धरायचा, खालून काका आधार द्यायचे, आणि तिघांनाही एकमेकांकडे बघवत नसे.

रोज मरे त्याला कोण रडे. सुरुवातीला डबे घेऊन येणारे नातेवाईक आता फोनवर "बरं आहे ना?" एवढंच विचारत, आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकत.

काकूंचा धाकटा भाऊ तेवढा अजून येत असे. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात. इथं व्याही नव्हता, मेहुणा होता, आणि घोड्याला चार चाकं होती.

"भाऊजी, जीप बघितलीय. फोर बाय फोर. एका रिटायर्ड सर्व्हेअरची आहे. डोंगर मोजत हिंडायचा माणूस, गाडी कशी असेल विचार करा. आणि दोन आठवडे वापरून बघा म्हणतोय. पटली तर घ्या."

"असं कोण देतं रे?"

"तेच तर. आखूडशिंगी, बहुदुधी म्हणतात ना, ती हीच."

पैशांची सोय होती; प्रश्न तो नव्हता. प्रश्न हा होता, की काकांच्या अंगात आता काहीही ठरवायची ताकद उरली नव्हती. त्यांनी मान हलवली.

२

सर्व्हेअर स्वतः गाडी घेऊन आले. उंच, वाळलेला माणूस, जाड चष्मा. गाडी मळक्या हिरव्या रंगाची, चार दारांची, मागं एकच लांब सीट. किल्ली देताना त्यांनी गाडीचे गुण सांगितले नाहीत की दोष सांगितले नाहीत. फक्त एवढंच विचारलं, "रोज चालवाल ना?"

"रोज? घर ते काटा रोजच. आणि दोनदा शहरात."

"मग ठीक. माझी नजर अधू झाली, मला आता रोज जमत नाही. ती उभी राहिलेली चांगली नसते." ते जायला वळले, परत थांबले. "मागं कोण बसतं?"

"आमची मंडळी."

सर्व्हेअर काहीतरी म्हणणार होते. मग त्यांनी चष्मा पुसला आणि मेहुण्याच्या मोटरसायकलवर मागं बसून निघून गेले.

आता गाडी केबिनच्या दारात आणि काटा शेजारी. बावीस वर्षांच्या सवयीचा माणूस गप्प बसेल कसा? काकांनी जीप फळीवर घेतली, उतरले, केबिनमध्ये येऊन बघितलं. कागदावर रिकाम्या गाडीचं वजन होतं एक हजार सहाशे ऐंशी. काटा दाखवत होता एक हजार सातशे पंचवीस.

पंचेचाळीस किलो जास्त.

काकांनी डोकं चालवलं. टाकीतलं डिझेल? कागदावरच्या वजनात ते धरलेलं असतं. चाकांचा चिखल? अहो, चिखल म्हणजे किती. त्यांनी जॅक काढला, पाने काढले, पायाखालचे रबर काढले, जादा चाकही उतरवलं, आणि ते सगळं सामान छोट्या काट्यावर वेगळं तोललं. ते सगळं कागदात धरलेलं असतं तेवढंच भरलं; पंचेचाळीस शिल्लक राहिलेच. मग काट्यावरच संशय आला, म्हणून तपासणीची वीस-वीस किलोंची वजनं आणून फळीवर ठेवली. एक ठेवलं, आकडा वीसनं वाढला. दुसरं ठेवलं, चाळीसनं. काटा चोख होता.

जुनी गाडी, कुठं पत्रा डागला असेल, खाली पट्टी जोडली असेल. काकांना कंटाळा आला. आणि मग त्यांनी त्यांच्या धंद्यातला माणूसच करेल अशी एक गोष्ट केली. काट्यावर रोज जुने ट्रक यायचे, कोणाला लोखंडी फळ्या वाढवलेल्या, कोणाचा हौदा बदललेला. कागद काहीही म्हणो, काटा दाखवेल ते त्या गाडीचं रिकामं वजन, असं लिहून टाकायचं असतं. म्हणजे पुढं भानगड उरत नाही. त्यांनी वहीत लिहिलं: जीप, रिकामी, एक हजार सातशे पंचवीस. पदरी पडलं, पवित्र झालं.

३

काकूंना गाडी पहिल्याच दिवशी आवडली. त्या मागं डावीकडे खिडकीशी बसल्या आणि उतार संपायच्या आत झोपल्या. दोन वर्षांत त्या दगडांवरून जाताना त्यांच्या तोंडून "आई गं" निघालं नाही असा हा पहिलाच दिवस. काका आरशातून बघत होते. गाडी उसळली की काकूंची मान उजवीकडे कलायची आणि तिथंच टेकून राहायची. काहीच नसताना माणसाची मान तशी टेकून राहत नाही. पण थकलेलं माणूस कसंही झोपतं, असं काकांनी मनाशी म्हटलं.

"धक्का लागतच नाही हो," हॉस्पिटलच्या आवारात उतरताना काकू म्हणाल्या. "कोणी धरून बसल्यासारखं वाटतं."

सीटच्या स्प्रिंगा जुन्या होत्या. काकू उठल्या तशी सीट 'कुर्र' करून वर आली. काकांनी दार लावलं, कुलूप लावलं, काकूंचा दंड धरून चार पावलं गेले, आणि मागून पुन्हा तसाच आवाज आला. कुर्र. कोणीतरी खिडकीकडून मध्ये सरकल्यासारखा.

ऊन आहे, पत्रा तापतो, स्प्रिंग सैल होते. काकांनी मागं वळून बघितलं नाही. मागं बघायचं तर काकूंचा दंड सोडावा लागला असता.

४

यंत्रावर जाण्याआधी काकूंचं वजन होत असे आणि उतरल्यावरही. अंगात पाणी किती साठलं, यंत्रानं किती ओढलं, ते त्यावरूनच कळतं. काकूंचं सगळं पाणी निघून गेल्यावरचं वजन बावन्न. दोन वर्षं हा आकडा काकांना स्वतःच्या वाढदिवसासारखा पाठ होता.

जीप आल्यावरच्या पहिल्या खेपेला बावन्न भरलं. दुसऱ्या खेपेला एकोणपन्नास.

"छान! पाणी साठतच नाहीये," सिस्टर म्हणाल्या. काकू खूश झाल्या. त्या दिवशी त्या घराच्या पायऱ्या मध्ये न थांबता चढल्या.

दुसऱ्या दिवशी कामावर आल्यावर काकांनी जीप काट्यावर घेतली. उगीचच, हात सवयीनं वळला म्हणून. एक हजार सातशे तीस. पाच किलो म्हणजे काट्याची एक पायरी. कधी कधी वाऱ्यानंही सरकते.

तिसऱ्या खेपेला काकू एक्केचाळीस भरल्या. डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या. "जेवण कमी झालंय का?"

"उलट दोन पोळ्या जास्त जातात," काकू हसून म्हणाल्या. त्यांच्या गालावर रंग होता. हातही भरलेला होता, बांगडी पहिल्यासारखीच घट्ट. काकांनी तो हात हातात घेतला. हात दिसत होता तेवढाच होता, पण तळव्यावर त्याचा भार येत नव्हता.

काट्यावर जीप: एक हजार सातशे पस्तीस.

चौथ्या खेपेला एकोणतीस.

"गेला वाटतं हा काटा," म्हणत सिस्टरनी त्याला पायानं हलवलं. शेजारच्या वॉर्डातून दुसरा आणला. तोही एकोणतीसच. "हाही गेला! आज काय काट्यांचा संप आहे का? जाऊ दे, मागचाच आकडा लिहिते. तब्येत तर झकास दिसतेय."

खोलीत तीन माणसं होती. दोन निरनिराळे काटे एकाच दिवशी एकाच आकड्यावर बिघडत नसतात, हे त्यांतल्या एकालाच माहीत होतं.

त्या दिवशी जीप एक हजार सातशे पन्नासच्या खाली यायला तयार नव्हती. काकांनी कागदाच्या चिठोऱ्यावर हिशेब मांडला. काकू तेवीस किलोंनी उतरल्या होत्या. जीप पंचवीसनं चढली होती. काटा पाच-पाचनं सरकतो. पण मग ते आधीचे पंचेचाळीस कोणाचे?

चिठोरा त्यांनी फाडून टाकला. बावीस वर्षं आकड्यांत घालवली की माणसाला आकड्यांत भुतं दिसणारच, असं स्वतःला समजावलं. ते काही पटलं नाही.

५

सर्व्हेअरांचं घर गावाबाहेर, लाकडी जमिनीचं. काका दुपारी गेले. आत पाऊल टाकलं तशा फळ्या करकरल्या. सर्व्हेअर पाणी घेऊन आले. त्यांच्या पायाखालीही करकरल्या. सगळं घर बोलकं होतं.

"गाडी आधी कोण वापरायचं?" काकांनी विचारलं.

"मीच. मोजणीला जायचो तेव्हा ही बरोबर असायची. मागच्या सीटवर. अकरा वर्षं." सर्व्हेअरांनी आतल्या खोलीकडे बघितलं. "फार दमलेली असायची. गाडीत बसली की बरं वाटायचं तिला."

"मग? आता...?"

"आता इथंच असते की. आत बसलीय."

काकांना इतकं हायसं वाटलं, की त्यांना स्वतःचंच हसू आलं. बाई जिवंत होती. काय काय मनात आणून बसलो होतो आपण! सर्व्हेअरांनी हाक मारली, "अगं, पाहुणे आलेत," आणि आतल्या गादीवर खिडकीकडे तोंड करून बसलेली एक बाई उठली. साधी, नीटनेटकी, पन्नाशीची. चेहरा शांत, झोपेतून उठल्यासारखा. ती दारापर्यंत आली आणि चौकटीला धरून उभी राहिली.

एकही फळी वाजली नाही.

काकांची नजर तिच्या मागं गेली. गादीवरची चादर सपाट होती, इस्त्री केल्यासारखी. सकाळपासून तिथं कोणी बसलंच नव्हतं असं ती चादर सांगत होती.

"गाडी चालू असते ना?" बाईंनी विचारलं. आवाज पलीकडच्या खोलीतून यावा तसा.

"रोज," काका कसेबसे म्हणाले.

"म्हणूनच हल्ली बरं वाटतं," ती म्हणाली, आणि तशीच, आवाज न करता, आत गेली.

सर्व्हेअर चष्मा पुसत राहिले. म्हणाले, "गाडी उभी राहिली की हिचं बिनसतं हो. मध्ये एक महिना गाडी गॅरेजमध्ये होती, तेव्हा ही खिडकीशी बसल्या बसल्या दिसेनाशी व्हायला लागली होती. रोज चालवणारा माणूस हवा होता मला. चांगला माणूस."

"आणि आमच्या हिला मागं बसवू नका, एवढं सांगायला तोंड नव्हतं तुम्हाला?"

"होतं," सर्व्हेअर म्हणाले. "पण मग तुम्ही गाडी नेली नसती."

काकांना राग यायला हवा होता. तो आलाही, पण त्यालाही दम लागल्यासारखा तो दारातच बसला.

६

"परत देतोय आपण गाडी," त्या संध्याकाळी काका म्हणाले.

काकू भाजी चिरत होत्या, उभ्यानं. उभ्यानं भाजी चिरताना त्यांना काकांनी दोन वर्षांत पाहिलं नव्हतं.

"का?"

"जुनी आहे. पत्रा खराब आहे."

"अहो, खोटं बोलता येत नाही तुम्हाला, कशाला त्या वाटेला जाता?" त्यांनी सुरी खाली ठेवली. "मला परत त्या स्टुलावर चढवणार आहात? तो ट्रकवाला वरून ओढणार, तुम्ही खालून ढकलणार? मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कधी बोलले नाही, कारण तुम्ही त्याहून दमलेले दिसायचात."

 मग काकांनी सांगितलं. वजनं सांगितली, सर्व्हेअरांच्या बायकोचं सांगितलं. ऐकता ऐकता काकूंनी सुरी परत उचलली.

"मला माहितीय," त्या शेवटी म्हणाल्या. "म्हणजे आकडे नाही माहीत. पण शेजारी कोणीतरी असतं, ते माहितीय. पहिल्या दिवसापासून. भीती नाही वाटत. ती सरकून जागा करून देते." त्या स्वतःच्या हाताकडे बघत राहिल्या. "किती जड झाले होते हो मी. माझी मलाच."

काकांना रडू आलं. लपवायचंही सुचलं नाही. बायको बरी व्हावी म्हणून त्यांनी दोन वर्षं जे जे मागितलं होतं, ते सगळं समोर उभं राहून भाजी चिरत होतं, आणि त्यांना ते नको होतं. त्यांना ती जड, दमलेली, दंड धरावा लागणारी बाई हवी होती.

"उद्या परत द्यायची," ते म्हणाले. "कशी का होईना, तू हवीस."

काकूंनी चिरलेली भाजी ताटात लोटली. "बरं," त्या म्हणाल्या. "पोचवायला मीही येते."

७

सकाळी गार होतं. खाण बंद, काटा रिकामा. काकांनी जाता जाता जीप फळीवर घेतली. ही शेवटची. पहिल्या दिवशी वहीत लिहिलेला आकडा त्यांना खोडायचा होता. गाडी ज्याची त्याला देऊन मोकळं व्हायचं होतं.

ते उतरून केबिनमध्ये गेले. लाल आकडे नाचले, थांबले. एक हजार सातशे पंच्याहत्तर. काकू मागं बसलेल्या होत्या. काकांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि दोन बोटं खाली हलवली.

काकू उतरल्या. दार लावून, पदर सावरत केबिनशी येऊन उभ्या राहिल्या.

एक हजार सातशे पंच्याहत्तर.

काकांनी डब्यावर थाप मारली. "जरा लांब जा," ते म्हणाले. काकू भिंतीपर्यंत गेल्या आणि तिथून त्यांनी हसून 'पुरे का?' असा हात केला. आकडा हलला नाही. परत बसायला सांगितलं, हलला नाही. परत उतरवलं, नाही. काकांनी तपासणीचं एक वजन नेऊन फळीवर ठेवलं, तर आकडा इमानदारीत वीसनं वाढला. ते काढलं तर वीसनं उतरला.

काटा चोख होता. कागदावरच्या वजनाहून पंचाण्णव जास्त. पंचेचाळीस एकीचे. पन्नास, काट्याच्या भाषेत, दुसरीचे.

काकू शेजारी येऊन उभ्या राहिल्या होत्या, शाल गुंडाळून. काकांनी जीपकडे बघितलं. मागच्या डाव्या काचेवर आतून वाफेचा एक डाग होता. तो लहान झाला. पुन्हा मोठा झाला. पुन्हा लहान. झोपलेल्या माणसाचा श्वास चालतो तसा, संथ.

फोन वाजला. सर्व्हेअर होते.

"दोन आठवडे झाले. काय ठरलं?"

काकांनी काकूंकडे बघितलं. त्या फुंकर घालून हात गरम करत होत्या. त्यांच्या तोंडातून वाफ येत नव्हती. गाडी परत दिली तर ती सर्व्हेअरांच्या घरापुढं उभी राहील, रोज चालवणारं कोणी नाही. उभी राहील आणि काकू दिसेनाशा व्हायला लागतील. दोन आठवड्यांपूर्वी त्यांना ठरवता येत नव्हतं. आता ठरवायला काही उरलंच नव्हतं.

"घेतो," ते म्हणाले. "रोज चालवेन."

 मग सर्व्हेअर म्हणाले, आणि त्यांचा आवाज पार ओला झाला होता, "एक विनंती होती. ती उजव्या खिडकीशी बसते. कोंदट झालं की घाबरते. तेवढी काच चार बोटं उघडी ठेवत जा."

काकांनी फोन खिशात टाकला. वहीत पहिल्या दिवशीचा आकडा खोडला आणि त्याच्यापुढं नवा लिहिला. जीप, रिकामी, एवढंच. दुसरा शब्द त्यांच्या धंद्यात नव्हता. मग ते जीपकडे गेले, मागचं उजवं दार उघडलं आणि काच बरोबर चार बोटं खाली केली. सीटकडे त्यांनी बघितलं नाही. दार हळू लावलं, कोणाचा पदर अडकू नये अशा बेतानं.

काकू डावीकडून आत बसल्या. सीट वाजली नाही. मग वाजली, कुर्र, कोणीतरी सरकून जागा करून दिली तशी.

काकांनी किल्ली फिरवली. आरसा त्यांनी आधीच वर वळवून ठेवला होता. सवयीनं विचारलं, "बसल्या का सगळ्या?"

"सगळ्या कोण?" काकू हसल्या. "चला आता, उभी नका करू."

काकांनी गाडी फळीवरून खाली घेतली आणि चढाला लावली. दगडांवर ती जड चालत होती.